मार्थाबाईचे पाय

माझे आई,

उद्या लिहीन, परवा लिहीन म्हणत राह्यलो, रागावू नको. जेवण पोटभर आहे. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली काय?

इथी गडचांदूरले ख्रिस्ती लोकांच्या कबरी खोदतो. येशू पूर्वेकडून येईल तेव्हा मेलेले उठतील आणि कायमचे जगतील. उठताच तोंड त्याच्याकडे व्हावं म्हणून पाय पूर्वेकडे ठेवतात. सोमवारी आभाळ भरलं होतं, मी दिशा चुकलो. मार्थाबाई उलटी, पाय पश्चिमेकडे करून पुरल्या गेली. उठून पाठ फिरवून तशीच चालत गेली तं? कोणाले सांगितलं नाई. भेव वाटते.

थांब, दारात तिचा म्हातारा आला.

म्हातारा म्हणते, "तवाच दिसलं मले, पोरा. मार्था जन्मभर माह्याकडे पाठ करूनच झोपे. नावानं हाक मारली का वळे."

तुझा आदेश