दार ४ : परवानगी नाकारली

सोमवार, ७ जुलै

आले एकदाची पनवेलला. पुण्याच्या कंपनीने गोड बोलून नारळ दिला त्याला वर्ष होत आलं. तेव्हा निरोपाला केक कापणाऱ्यांना कळलं तर हसतील, की दिपिका आता मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागली. हसोत बापडे. खोली मात्र छान मिळाली आहे, वडाळे तलावाजवळ. खिडकीतून पाण्याचं एक टोक दिसतं आणि संध्याकाळी चालायला येणाऱ्या काकांचं राजकारण फुकटात ऐकू येतं.

कोल्ड स्टोरेज गावाबाहेर, उरणच्या रस्त्याला. लग्नाच्या हॉलएवढ्या चार खोल्या, आत उणे वीस. मोटरवर सरकणारी जाडजूड दारं, आणि ती दारं, तापमान, दिवे, सगळं चालवणारा एकच लिनक्सचा कॉम्प्युटर. मालक गुरुदत्तशेठ. कपाळाला गंध, दोन हातांत दोन फोन, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ न देण्याची शपथ घेतलेली. मशिनं सांभाळणारे खलीलभाई कुवेतला बरीच वर्षं काढून आलेले, बोलतात मोजकं.

माझं काम सोपं आहे. दारांचा प्रोग्राम आधीच्या मुलाने लिहिला, प्रितमने, उरणजवळच्या करंजा गावच्या कोळ्याचा पोरगा. मेअखेरीस तो काम अर्धवट टाकून न सांगता पळाला, असं शेठ म्हणाले. तो प्रोग्राम दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा बनवायचा. मासेमारी बंदी एक ऑगस्टला उठते, त्याआधी. माझ्या टेबलाच्या खणात त्याचा एक डबा निघाला, टोक काढलेल्या पेन्सिलींनी भरलेला. कॉम्प्युटरवाल्याकडे पेन्सिली! मी हसले. खलीलभाई म्हणाले, आत पेनाची शाई गोठते, मोबाइलला रेंज नसते, तापमान टिपायचं तर पेन्सिलच लागते.

बुधवार, ९ जुलै

प्रितमबद्दल माझं मत चांगलं होत चाललं आहे. प्रोग्राम बनून झाला की तो स्वतःची चाचणी घेतो: सगळी दारं बंद कर, मग उघडत नाहीत ना ते बघ. आता जिथे प्रोग्राम बनवायचा तेच मशीन खरी दारंही चालवतं. दुसरा कॉम्प्युटर घ्या असं शेठना सांगून बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी गोदामासाठी हत्ती मागितला. म्हणून त्या मुलाने सगळं काम सँडबॉक्समध्ये, म्हणजे एका कुंपणात, डांबून ठेवलं होतं. कुंपणातला प्रोग्राम बाहेरच्या कशाला हात लावायला गेला की लिनक्स त्याचा हात धरतं आणि पडद्यावर लिहितं: परवानगी नाकारली.

असले नकार दिवसभर उपसते आहे. एक तात्पुरत्या फायलींचा होता, त्यांना कुंपणाच्या आत जागा करून दिली. काही फायली कुणीतरी घाईत मुख्य ॲडमिनच्या नावाने बनवल्या होत्या, त्यांची मालकी बदलली. कटकटीचं काम आहे, पण वर्षभराने डोकं चाललं आणि बरं वाटलं. उरला एकच: *परवानगी नाकारली : दार ४*. उद्या बघू.

सोमवार, १४ जुलै

दार चारचा नकार जात नाही. मी कंपाइल सुरू केलेलं नसतानाही येतो. जेवायला बसले होते, पडदा समोर, आणि एकामागून एक तीन ओळी उमटल्या.

खलीलभाईंना विचारलं. प्रत्येक खोलीत आतल्या बाजूला एक हिरवं बटण आहे. ते दाबलं की प्रोग्राम दार उघडतो. पूर्वी आतून साधी कडीही होती, ती शेठनी काढून टाकली, कामगार आत लपून बसतात म्हणे. बाहेरून उघडायची किल्ली शेठच्याच कमरेला. उणे वीसमध्ये कोण लपतं, हे विचारायचं राहून गेलं. सध्या चालू असलेली प्रितमच्या प्रोग्रामची प्रत कुंपणातच आहे, त्यामुळे चार नंबरचं बटण दाबलं तर हा असा नकार येणार. पण दाबेल कोण? एक ते तीन रिकाम्या, सताड उघड्या. चारमध्ये फक्त गेल्या सीझनचा उरलेला बांगडा, खताच्या कारखान्याला जायचा. बटणावर बर्फ साचून ते अडकलं असेल, असं खलीलभाई म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

फाटकाशी एक म्हातारा बसलेला असतो, आज त्याने हटकलं. प्रितमचा बाप, काशिराम. एसटीने करंज्याहून येतो, दुपारी परत जातो. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं की पोरं मुंबईला पळतात, येईल. मला म्हणाला, "बाय, दर्यात गेलेला मानूस पन दोन दिसांनी वर येतो. माजा पोर कामाला आला नं परत आलाच नाय. तो आत हाय का नाय, येवडंच सांग." मी काय सांगणार? नाही म्हणाले. मला वाटलं खरंच बोलते आहे.

शुक्रवार, १८ जुलै

शेठ रोज डोक्यावर बसतात. सँडबॉक्स म्हणजे काय हे त्यांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा म्हणाले, कुंपण काढून टाका ना, नकारच येणार नाहीत. जगातला प्रत्येक मालक याच बिंदूवर येऊन पोचतो. कुंपण काढलं तर चाचणी खरी दारं बंद करेल, हे सांगितलं. म्हणाले, करू दे की, आत कोण आहे?

शेवटी भांडायचा कंटाळा आला. त्यांच्या फोनवर एक बटण करून दिलं. दाबलं की कुंपण बाजूला, प्रोग्राम बनणार, चाचणी होणार, कुंपण जुन्याच नियमांसह परत जागेवर. लहान मुलासारखे खूश झाले. मला माझा राग आला, पण ही नोकरी गेली तर पुढची कुठे शोधू?

आणि बजावून सांगितलं, मी मशीनपाशी असल्याशिवाय दाबायचं नाही. हो हो म्हणाले.

मंगळवार, २२ जुलै

नकारांच्या ओळीत वापरणाऱ्याचं नाव येतं. दार ४च्या प्रत्येक ओळीत *प्रितम*. शेठ म्हणाले, त्याचं खातं अजून ठेवलंय कशाला, पुसून टाका. पुसलं.

ओळी थांबल्या नाहीत. फक्त नाव गेलं. खातं पुसलं की लिनक्स नावाच्या जागी नुसता आकडा दाखवतं. माणूस काढून टाकला आणि त्याचा नंबर तेवढा दार ठोठावतो आहे. मला हे सहन होत नाही. चार नंबर उघडून बघू या, असं शेठना म्हटलं. गारवा जाईल, बिल कोण भरणार, असं म्हणून त्यांनी फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता.

शनिवार, २६ जुलै

काशिराम आजही होता. त्याने डब्यातून सुकट आणली होती, माझ्यासाठी. प्रितमला आवडते म्हणाला. मी घेतली आणि केबिनमध्ये येऊन रडले.

दुपारभर ओळी. मी पडदा उलटा फिरवून बसले. तरी कळतं.

मंगळवार, २९ जुलै

आज करून बघितलं. खलीलभाईंना पडद्यासमोर बसवलं आणि मी चार नंबरच्या दारावर बाहेरून थाप मारली. एक. केबिनच्या काचेतून त्यांनी एक बोट वर केलं. मी दोन मारल्या. त्यांनी दोन बोटं दाखवली. मी सलग पाच मारल्या. ते उठून बाहेर आले आणि भिंतीला धरून खाली बसले.

मग बोलले. मेमधला शेवटचा शुक्रवार. प्रितम कुलूप तपासायला चारमध्ये गेला होता, शेठना सांगून, की मी बाहेर येईपर्यंत काही चालवू नका. शेठना घाई होती. सँडबॉक्स न कळणाऱ्या शेठनी मुख्य ॲडमिनच्या पासवर्डने कुंपण काढून चाचणी चालवली, मग कुंपण होतं तसं परत लावलं. "मैं नमाज़ला गेलतो मॅडम, जुम्मा होता. परत आलो तर आतून ठोकतंय कोणीतरी. शेठ बोलले बर्फ तडकतोय, पोरगा घरी गेला. मी मानलं. अल्लाह मला माफ करणार नाय."

मानलं! दोन महिने मानलं. आणि मी? कुठल्या तोंडाने बोलू? ते बटण कोणी करून दिलं शेठना?

गुरुवार, ३१ जुलै

ठरलं. नकार कुंपण देतं. मग कुंपणाच्या नियमातच एक ओळ घालायची, दार ४ला परवानगी. पुढच्या वेळी त्याने बटण दाबलं की दार उघडेल. शेठला विचारायचं नाही. डोळ्यांनी बघायचं, काशिरामला आत न्यायचं, मग पोलीस.

उद्या बंदी उठते, नव्या सीझनच्या उद्घाटनाचा मांडव आहे. गोंधळात कोणाचं लक्ष नसेल.

भीती वाटते. काशिरामला नाही म्हणाले होते, त्याची जास्त.

शुक्रवार, १ ऑगस्ट

खलीलभाई जुम्म्याला गेलेत. शेठ बाहेर मांडवात, व्यापारी जमलेत, पेढे फिरताहेत. काशिरामला फाटकाशी थांबायला सांगितलं. नियमाची ओळ घातली.

वाट बघते आहे. दाबलं तर —

दाबलं.

दार सरकलं. आतून धूर आल्यासारखं. खलीलभाईंचं जाकीट घालते, वही खिशात. एक पेन्सिल. फक्त बघून —



पेन्सिलने लिहिते आहे. उजेड नाही.

तो इथेच आहे. दाराशीच बसलेला. हात वर, बटणावर. किती वेळ तसाच —

मोटर वाजली. मागे वळेपर्यंत दार —

मांडवातल्या टाळ्या ऐकू आल्या. मग नाही. शेठ फोन दाखवत असेल व्यापाऱ्यांना. एक बटण. माझं.

माझी ओळ गेली. कुंपण परत जागेवर. मीच तसं केलं होतं.

दाबते आहे. बाहेर उमटत असेल. परवानगी नाकारली. वाचणारं कोण आहे? वाचणारी आत आहे.

खलीलभाई येतील. ऐकतील. शेठ म्हणेल, मॅडम न सांगता —

बोटं जाणवत नाहीत आता.

हात. माझ्या हातावर हात. तो दाबतोय, माझं बोट धरून. असं. परत असं. दमत नाही हा —

कोणाला सापडली तर, फाटकाशी बसलेत त्यांना —

काशिरामकाका, हाय. तुमचा प्रितम आत हाय. मी पण आ