आईची चाल

॥ श्री ॥
खारबाव,
५ नोव्हेंबर २०२४

ति. राघोमामांस,
हेमालीचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी फारकत घेतली आणि मला पत्रं लिहायची सवय लागली. पूर्णा गावातल्या गोडाऊनमधल्या मैत्रिणी हसतात. दिवसभर लोकांची पार्सलं स्कॅन करते आणि घरी येऊन तिकिटं चिकटवते, म्हणतात. हसू देत.

तुमच्या मोबाइलवर एक कार्टून पाठवलंय. चाळीस सेकंदांचं. आई गवताचा भारा डोक्यावर घेऊन शेतातून घरी येते, एवढंच. चार महिने शिफ्टवरून आल्यावर एकेक चित्र काढत होते. आईला जाऊन मार्गशीर्षात तीन वर्षं होतील. तिचे फोटो आहेत पाच, सगळे लग्नांतले, ताठ उभी. चालती-बोलती आई कुणाच्याच फोनमध्ये नाही. आणि मामा, खरं सांगते, ती कशी चालायची ते मला आठवेनासं झालंय. म्हणून हा खटाटोप. तिथीला सगळ्यांना दाखवायचा विचार होता.

काल बाबांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं, फोन परत दिला आणि म्हणाले की ही तुजी आई न्हाय. मग ड्युटीला निघून गेले. मी सगळं डिलीट करून टाकणार आहे. तुम्ही तीस वर्षं जाहिरातींसाठी अशीच चित्रं काढलीत, तेव्हा त्याआधी एकदा बघा आणि काय ते खरं लिहा.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भाची,
हेमाली


पेण,
११ नोव्हेंबर २०२४

चि. हेमालीस,
राघोमामाचे अ. उ. आ.

आधी एक काम कर. काहीही पुसू नकोस. पुसलंस तर पेणहून काठी घेऊन येईन.

नऊ वेळा पाहिलं. तुझी मामी म्हणाली, आता फोनला धाप लागेल. उन्हाकडे बघताना सीता एक डोळा बारीक करते आणि पदराचं टोक दातांत धरते, ते तू कुठून आणलंस गं? माझी बहीण अगदी अशीच बघायची. लहानपणी माझ्यावर चिंच मारताना नेमही असाच धरायची. इतकं नेमकं टिपणारी मुलगी कच्ची नाही. हे लाडाने सांगत नाही, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

आता दौलतरावांचं. ते खोटं बोललेले नाहीत. चेहरा सीताचा आहे, पाय दुसऱ्याचे. चाल तू इंटरनेटवरच्या धड्यातून उचललीस, होय ना? त्या धड्यात कुणी बाप्या रिकाम्या हातांनी फिरायला निघालेला असतो. दोन्ही हात झुलतात, डोकं दर पावलाला वर-खाली होतं. सीताचं डोकं असं हललं असतं तर भारा कशेळीच्या खाडीत जाऊन पडला असता.

माझीही हीच चूक झाली होती. पाणी भरणारी बाई काढली, तर आमच्या सरांनी विचारलं की हंडा भरलेला आहे की रिकामा. मला सांगता येईना. त्यांनी मला भरलेली बादली घेऊन चार मजले चढायला लावलं. आठवडाभर खांदा दुखला, पण चित्र सुधारलं. तूही खरा भारा उचल आणि चाल. बाकी कशाला आत्ता हात लावू नकोस. फक्त तो बगळा चाळीस सेकंदांत तीनदा उडतो, त्याला जरा बसू दे.

वडिलांवर रुसू नकोस. आशीर्वाद मी पाठवतोच आहे, उत्तर पाठवायचं तू बघ.
मामा


खारबाव,
२० नोव्हेंबर २०२४

ति. मामांस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग बगळ्यावर हसले. चाल धड्यातलीच होती, कबूल.

रविवारी शेजारच्या कमळाकाकूंकडून भारा आणला. दहा पावलांत मान लचकली आणि भारा मागे पडला. काकू पोट धरून हसत होत्या. बाबा ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. ते उठले, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, भारा चढवला आणि अंगणातून चालायला लागले. मामा, बाबांची चाल म्हणजे लांब टांगा, धपाधप. ही त्यांची नव्हतीच. पावलं आखूड, मान स्थिर, सगळं हलणं कमरेत. उजवा हात भाऱ्याला, आणि डावा मधूनच मागे नेऊन कासोटा चाचपायचा. बाबांना कुठला कासोटा, ते हाफ पँटवर होते. काकूंचं हसणं थांबलं.

मी विचारलं की हे तुम्हाला कसं ठाऊक. तर म्हणाले की बावीस वरसं माजा भारा घेऊन तिच्या मागून चाललो, मना दुसरं काय दिसनार?

त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, मी शूट करून घेतल्या. तुम्हालाही पाठवते. आता पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरुवात. तिथीपर्यंत होईल की नाही, धाकधूक आहे. तुमचा हात पाठीवर असू द्या.
हेमाली


पेण,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. हेमालीस, अ. उ. आ.

फेऱ्या पाहिल्या. दौलतरावांना माझा नमस्कार सांग. लग्नात मी त्यांना घुम्या म्हणून नावं ठेवली होती, ते शब्द परत घेतो.

चाळीस सेकंद नाही झाले तर पंधरा कर. पंधरा खरे असले की पुरतात. पाऊल आधी टेकतं आणि ओझं मागून येतं, तेवढं सांभाळ. घाई नको, पण थांबूही नकोस.
मामा


खारबाव,
१७ डिसेंबर २०२४

ति. मामांस, सा. न. वि. वि.

अठरा सेकंदच झाले. ओझं पावलाच्या मागून आणलंय. बगळ्याला मात्र बसल्या जागी झोप लागली आहे.

उद्या तिथी. सगळ्यांच्या आधी बाबांना दाखवावं म्हणून आज चहा झाल्यावर फोन त्यांच्या हातात दिला. पुन्हा तेच ऐकायची भीती वाटत होती, म्हणून समोर बसले नाही, दारात उभी राहिले. तिथून फोन दिसत होता. आई शेवटच्या बांधापाशी येते आणि भाऱ्यासकट खाली उतरायला पाय पुढे करते. तिथे बाबा फोनवर ओणवे झाले आणि चटकन बोलून गेले की दमानं उतर गो, पाय सरकंल.

मामा, ते मला म्हणत नव्हते. आईला म्हणत होते.

लोभ आटू देऊ नका.
तुमची,
हेमाली