वरच्या व्हळाचं नाव

आबा, गेल्या महिन्यात आपल्या ओढ्याच्या पुलावर मोजणीचे साहेब उभे होते आणि वरून भाताचं तूस वाहत आलं. तुम्ही बघायला हवं होतं, असं त्या दिवसापासून सारखं वाटतंय.

झालं असं, की डोंगराखालची जमीन एका प्लॉटिंगवाल्याने घेतली. त्याच्या नकाशात आपला ओढा पुलापासूनच सुरू होतो. त्याला पाणी आणणारा वरचा व्हळ, डोंगरातला तो ओहोळ, त्यात नाहीच. ती म्हणे नुसती पावसाळी चर, मुरूम टाकून बुजवायची. व्हळ बुजला की ओढा आटणार आणि त्याच्या काठची भातखाचरं कोरडी पडणार, हे मोजणीवाल्यांना पटेना. मी आता ग्रामपंचायतीची सदस्य आहे. तुमच्या माघारी झाले. हरकत मीच घेतली.

आणि तूस आठवलं. मी दहा वर्षांची असेन. भावकीत पाण्यावरून जुंपली होती, खालच्या खाचराचं पाणी नेमकं कुठून येतं यावरून. तुम्ही गिरणीतून पाटीभर तूस आणलंत. तुम्ही वर चढताय, मी खाली ओढ्यात उभी आहे, तूस दिसलं की हाक मारायची. पण पायाशी खेकडा दिसतो आणि मी दगड उलटे करत बसते. तूस येऊन निघूनही जातं. खाली आलात तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, ‘‘पानी बघाया उभी केलती तुला, खेकडं धराया न्हवं.’’ आणि दुसरी पाटी घेऊन पुन्हा डोंगर चढलात. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. आज त्याच दिवसाचा अभिमान वाटतो. अख्ख्या गावाचं भांडण तुम्ही पाटीभर तुसावर मिटवलंत.

तर मीही तेच केलं. साहेबांना पुलावर उभं केलं, म्हटलं, ‘‘नजर हलवू नका.’’ पोतं घेऊन वर गेले आणि व्हळात रिकामं केलं. धावतपळत खाली आले तर साहेब कठड्यावरून वाकून पाण्याकडे बघत होते. पुलाखालून पिवळंधम्मक तूस चाललं होतं.

‘‘पाणी वरच्या व्हळाचंच आहे,’’ साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं. ‘‘पण नकाशात लिहू काय? या व्हळाला नाव आहे का?’’

आबा, डोंगरापासून मुळा नदीपर्यंत प्रत्येक ठिकाण तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलं होतंत. चिंचेची घळ, दोनआंबी, बैलधुणं, सगळं धडाधड आठवलं. फक्त त्या व्हळाचं नाव येईना. साहेब थांबलेले, प्लॉटिंगवाल्याचा माणूस गालात हसतोय. मी आईचं नाव सांगून टाकलं. अगदी ठामपणे. बाजूला दोन म्हातारे होते, त्यांनी लगेच माना डोलावल्या. ‘‘व्हय व्हय, आमच्या बापापासनं ह्येच नाव हाय.’’

नकाशात ते नाव चढलं. आता पंचायतीने व्हळाकाठी नावाची पाटीही लावली आहे. ज्या बाईने जन्मभर तिथे गवत कापलं, तिचं नाव तिथे उन्हात चमकतंय. मी येता-जाता बघते आणि छाती फुगते.

आईला नेऊन पाटी दाखवली. ती आधी लाजली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की खालीच बसली. ‘‘तुज्या आबांनी कदी माजं नाव घेतलं न्हाई. जनमभर नुस्तं ‘आगं ये’. आता असतं, तर व्हळाकडं जाताना कुटं चाललोय म्हनून सांगितलं असतं गं?’’

हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर माझं पितळ उघडं पडेल, म्हणून ते ट्रंकेच्या तळाशी राहणार. आणि एक सांगायचं राहिलं. व्हळाचं खरं नाव मला त्याच दिवशी, साहेबांची गाडी निघायच्या आधी आठवलं होतं. मी गप्प बसले.