चार भोकांची चकती

२ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

लिलावघरात आता स्वतःच्या सहीने वस्तूच्या अस्सलपणाचा दाखला द्यायचाय, पहिलाच. समोर जुनं हवेचं पिस्तूल आहे. सगळ्या भागांवरचे आकडे जुळतात, पोलादाचा निळा रंग मूळचा, खोकंही कंपनीचं. विकायला आणणारं गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की हे कधी उघडलेलंच नाही. तसं असेल तर किंमत तिप्पट आणि माझी नोकरी पक्की. पण मी उघडलं. आत हवा दाबणाऱ्या दट्ट्याला चामड्याची चकती असते, तिच्यावर सुईने पाडलेली चार भोकं आहेत. आजोबा पिस्तुलं दुरुस्त करायचे, त्यांना चकत्या तूच कापून द्यायचीस. ही तुझीच खूण ना?

माया आहेच, ती उत्तरातूनही धाड.
तुझी नात

७ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझी आई लिहून घेते आहे, त्यामुळे तिच्याविषयीच्या तक्रारी राहू देते.

मला अक्षर येत नव्हतं, म्हणून सुईने लिहायचे. पहिल्यांदा चकती बदलली की एक भोक, दुसऱ्यांदा नव्या चकतीवर दोन. चार मी कधी पाडलीच नाहीत; तीनपर्यंत गेलं ते एकच पिस्तूल, तुझ्या आजोबांचं स्वतःचं. त्याच्या लाकडी मुठीने मी एकदा अक्रोड फोडला, डावीकडे नखाएवढा टवका उडाला आणि घरात दोन दिवस अबोला. ते गेले त्याच दिवशी मी ते पिस्तूल विहिरीत टाकलं. बुडाल्याचा आवाज या कानांनी ऐकला. वीस वर्षं झाली. तेव्हा तुझ्याकडचं दुसरंच कुठलं असणार. तरी टवका आहे का, बघ. आणि वेळेवर जेव.

म्हातारीवरचा जीव कमी करू नकोस.
आजी

११ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

टवका आहे. डावीकडे, नखाएवढा.

आत गंजाचा ठिपका नाही. चामडं ओलसर, कालच तेल लावल्यासारखं, आणि तेलाला लवंगेचा वास. तेलात लवंग आजोबाच घालायचे ना? साहेब म्हणतात, शुक्रवारी दाखला हवा, न उघडलेलं असंच लिही. दाखल्यात दुरुस्ती करणाऱ्याचा रकाना आहे. तिथे काय लिहू?

तुझ्या हाताची आठवण काढणारी,
नात

१४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून मी चामड्याचा डबा काढायला लावला. झाकण गंजून बसलेलं. तुझी आई आणि मी, दोघींनी मिळून उघडलं. आत उरलेला चामड्याचा तुकडा आहे. त्यातून एक गोल कापून घेतलेला आहे. कड ताजी, पांढरी. तुझ्या आईने लेखणी खाली ठेवली होती, मी पुन्हा धरायला लावली.

घाबरू नकोस. माझी भोकं सरळ ओळीत असायची. यांना सुई कधी धरता आली नाही. ती चार वाकडीतिकडी असतील तर काम यांचंच. हे ज्याच्याकडे कामाला होते त्या दुकानदाराने तीस वर्षं यांची दुरुस्ती स्वतःच्या नावावर खपवली, ते यांना फार लागलं होतं. रकान्यात यांचं नाव लिही. नोकरी गेली तर घरी ये, दोन वेळचं मी घालीन, टोमणे फुकट.

तुझीच,
आजी

१८ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

भोकं वाकडी आहेत, रांग सोडून पळाल्यासारखी.

उघडलेलं आहे असंच लिहिलं आणि रकान्यात आजोबांचं नाव घातलं. नोकरीचं साहेब सोमवारी सांगतील. सही वाळते न वाळते तोच मुठीखालून पाणी झिरपायला लागलं. टेबलावर थारोळं झालं. शेवाळाचा वास आला. निळा रंग माझ्या डोळ्यांदेखत तांबडा होत गेला. आता ते वीस वर्षं पाण्यात असल्यासारखं दिसतं. काय करू?

नात

२१ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

कोरड्या फडक्याने पूस. लवंगेचं तेल लाव, आणि मूठ उबेला धरून बस थोडा वेळ. यांना ओलं राहिलेलं कधीच चालत नसे.

मग यांना घेऊन घरी ये, दोघंही या.

आजी