पारडं अजून हलतंय

२ तारीख, सोमवार
राष्ट्रीय निवडणूक वीस दिवसांवर. यंदा मत अभ्यास करूनच द्यायचं. एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी दारातूनच ओळखायचो, मला कोण फसवणार? मागच्या आठही वेळा जुन्या पक्षाला मत दिलं, पण प्रत्येक वेळी स्वतंत्र विचार करून.

५ तारीख
वही आणली. शिक्षण, रोजगार, परराष्ट्र धोरण वगैरे दहा रकाने, प्रत्येकी दहा गुण. दोन्ही जाहीरनामे वाचले. (जुन्यांचा पूर्ण. नव्यांचा चाळला, अक्षर फार बारीक.)
हिला विचारलं, तुझं काय ठरलं? शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, अजून काही नाही. राजकारणातलं तिला ओ की ठो कळत नाही.

८ तारीख, सायं. ६
बेरीज झाली. नवा पक्ष ५८, जुना ४३. कुठेतरी चूक आहे.
६.४०
सापडली. 'अनुभव' हा रकाना राहूनच गेला होता! त्याला वीस गुण. नव्यांना अर्थातच शून्य. जुना ६३. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.

११ तारीख
जुन्या पक्षाचे कार्यकर्ते आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, वही मांडीवर घेऊन तयार. म्हणाले, साहेब, तुम्ही बसा निवांत, आम्हाला जरा वहिनींशी बोलायचंय. ही अर्धा तास बोलली. कशावर? मागच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारावर! निवडणूक राष्ट्रीय आहे, हे मी दोनदा निदर्शनास आणलं.

१२ तारीख
नव्या पक्षाचे आले. तेही हिच्याकडेच. मी मुद्दाम म्हटलं, माझंही पारडं अजून हलतंय. त्यांच्यातली एक बाई हसून म्हणाली, काका, तुमचं आम्हाला माहीत आहे. काय माहीत आहे? जेवण गेलं नाही.

१७ तारीख
जुने आज तिसऱ्यांदा आले. गटार साफ करून दिलंय. हिनं आभार मानले आणि म्हणाली, बघू.
वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारायलाच येत नाही.
निश्चय: मत नव्या पक्षाला. जुन्यांची जिरवायचीच.

२२ तारीख, मतदान. सकाळी ८
निश्चय कायम. हिला म्हटलं, आज इतिहास घडणार. म्हणाली, चष्मा घ्या.
९.३०
जुन्यालाच दिलं. ऐन वेळी अनुभवाचे वीस गुण आठवले. तत्त्व म्हणजे तत्त्व.
बाहेर जुन्या पक्षाच्या टेबलावरच्या माणसाला ठणकावून सांगितलं, निर्णय अगदी शेवटच्या क्षणी घेतलाय! तो हो हो म्हणाला आणि यादीत खूण करू लागला. वाकून पाहिलं. हिच्या नावापुढे पेन्सिलीनं, खोडून खोडून कागद विरेपर्यंत लिहिलेलं: 'सांगता येत नाही. पुन्हा जावे.' माझ्या नावापुढे: 'पक्का. जाऊ नये.'
माझा शेरा छापील होता.