आकडा ब्याऐंशी, झाड तेच

५ जानेवारी
आज सकाळी आंघोळ, पूजा, तुळशीला पाणी, सगळे आटोपून मुलीच्या, आचलच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि गाडी झाडावर आदळवली. गाडी गेममधली, झाडही गेममधले. तरी मन खट्टू झाले. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा ब्याऐंशी होता, म्हणजे सेकंदाला ब्याऐंशी चित्रे. मग झाडीतल्या वळणावर गाडी हिसके का खाते? दोष मशीनचा. माझ्या हाताचा नाही. भजनी मंडळात लग्नाआधीपासून खंजेरी वाजवतो आहे.
मी गेम खेळत नाही. आचल कॉलेजला जाते, कॉम्प्युटर पडून राहतो. बिघडू नये म्हणून चालवतो.

८ जानेवारी
मुर्रीला बहिणीकडे गेलो. भाचा उमेंद्र हाच गेम टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर खेळतो. मला कंट्रोलर दिला. गाडी कालव्याच्या पाण्यासारखी गेली. झाड बाजूने निघून गेले! किती आकडा, विचारले. म्हणाला, "तीस, मामाजी. बस." चेष्टा करत असावा. तीस मार्कांचा पास आणि ब्याऐंशीचा नापास, असे कुठे असते?

९ जानेवारी, सकाळ
संकल्प: आकडा शंभराच्या वर न्यायचा. कॅबिनेटची धूळ पुसली, कुंकू लावले. सेटिंगमध्ये जे जे 'हाय' होते ते 'लो' केले. मागे मंद भजन लावत असे, तेही बंद केले. भार पडत असेल. देवाने समजून घ्यावे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आकडा एकशे चार. झाड.

१२ जानेवारी
मंडळाची बैठक. महिनाअखेर तिरोड्याला खंजेरी भजन स्पर्धा. आमचे मुख्य गायक केशोराव म्हणाले, "टेकचंद, यंदा खंजेरी लीलाधरले देऊन पाहू का?" अंगावर पाणी पडल्यासारखे झाले. मागच्या वर्षी परीक्षकांनी 'ताल धावतो' असा शेरा दिला होता. तो माइकचा दोष होता, हे मी तेव्हाच सांगितले होते.
लीलाधर पिठाची चक्की चालवतो. वाजवतोही चक्कीसारखा, एका चालीत. भाव नाही. मला भक्ती दाटली की हात आपोआप वेग घेतो. देणार नाही म्हणालो. केशोराव म्हणाले, विचार कर. विचार केला. देणार नाही.

१४ जानेवारी
तिळगूळ. गोड बोलून आचललाच विचारले. म्हणाली, "बाबा, तुम्ही आकडा पाहून राहिले. तो सरासरीचा आहे. दोन चित्रांच्या मधलं अंतर पाहा ना."
समजले ते असे. मोकळ्या रस्त्यावर कॉम्प्युटर भराभर चित्रे काढतो, झाडी आली की अडखळतो. एक चित्र लवकर, एक उशिरा, तोच हिसका. कन्सोल मात्र सगळे एकसारखे. गेम बनवणाऱ्याला ते मशीन आधीच माहीत असते, म्हणून तो गेम तीसवर बांधून देतो. चित्रे कमी, पण प्रत्येक ठरल्या वेळी. शिवाय तिथे आपण लांब बसतो, हातात कंट्रोलर. इथे नाक स्क्रीनला आणि हात माउसवर. चित्र जरा मागे राहिले की हाताला लगेच कळते.
"तीसवर बांधू का?" तिने विचारले. एकशे चारवरून तीसवर? नाही म्हणालो. स्वयंपाकघरातून बायको, पुष्पा, म्हणाली, "आकडा कायले पाहिजे तुमाले? बोर्डाचा निकाल आहे का?"

१७ जानेवारी
तालमीआधी मंडळाला हे नवे ज्ञान दिले. लोक ऐकत होते. रंगात येऊन म्हणालो, वेग म्हणजे सफाई नव्हे. कमी असले तरी चालेल, पण अंतर सारखे पाहिजे. मनात आले म्हणून एक लवकर, एक उशिरा, असे करणाऱ्या मशीनवर भरवसा कसा ठेवायचा?
लीलाधर खाली पाहत होता. शेवटी केशोराव म्हणाले, "अरे बाप्पा, हेच तं आमी तुले किती सालापासून सांगून राहिलो!"
सगळे हसले. मी कॉम्प्युटरबद्दल बोलत होतो, हे स्पष्ट केले. तेव्हा जास्त हसले. दोन वेगळे विषय एकत्र करण्याची आपल्या लोकांना सवय आहे.

१८ जानेवारी
कालची तालीम आचलने मोबाइलमध्ये रेकॉर्ड केली होती. ऐकली. भजन सुरू होताना सगळे माझ्यासोबत आहेत. मध्यावर मी पुढे आहे. शेवटी मी एकटाच आहे आणि केशोराव मागून दम खात येत आहेत. मोबाइल खराब असावा. पुष्पाच्या मोबाइलवर ऐकली. त्यातही केशोराव मागेच.
या पुढे धावण्याला मी भक्ती म्हणत होतो. झोपण्यापूर्वी जप केला. मणी सारख्या चालीने ओढायचे ठरवले. दुसऱ्या माळेला घाई झाली.

१९ जानेवारी
उमेंद्रचा जुना कंट्रोलर आणला. खुर्ची भिंतीपर्यंत मागे ओढली. आचलने आकडा तीसवर बांधून दिला. काय सांगू, गाडी कालव्याच्या पाण्यासारखी. एकही हिसका नाही. अगदी अलगद, न अडखळता झाडावर आदळलो.
आता दोष द्यायला कोण उरले, म्हणून देवघराकडे पाहिले. तिकडून कोणाचेही नाव पुढे आले नाही.
खंजेरी धुतलेल्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि चक्कीवर गेलो. लीलाधरने पिठाचे हात पुसले. "काऊन भाऊ?" भक्ती, वेग, अंतर असे पुष्कळ सांगायचे ठरवून गेलो होतो. पण चक्की चालू होती. "माझा ताल धावते," एवढेच म्हणालो. त्याला ऐकू आले नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा ओरडून सांगितले, तेव्हा दळणाला आलेल्या साऱ्या बायांनीही ऐकले. एकीलाही नवल वाटलेले दिसले नाही.
खंजेरी त्याच्या हातात देऊन घरी आलो.