मागची शेगडी

सोमवार, ता. ९

चि. चिंगीस,

बाबाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझे दात आहेत तेवढेच आहेत. गॅसची नळी बदललीस का? मागच्या खेपेला तिला बारीक चीर दिसली होती. आधी नळी बदल, मग पुढचं वाच.

हॉटेलची करी घरी तशी का होत नाही, ते लिहून पाठवा म्हणालीस. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि मी घाईत भलतंच बोलून बसतो, म्हणून हे पत्र. शाळा सातवीपर्यंतच झाली, अक्षर सांभाळून घे.

हॉटेलात प्रत्येक भाजी पहिल्यापासून वेगळी शिजवत नाहीत. सगळ्यांच्या पोटात एकच कांद्याची ग्रेव्ही असते. दोन किलो कांदा जाड चिर. एक गाजर, एक ढोबळी मिरची, मूठभर आलं-लसूण, हळद, वाटीभर तेल, आणि कांदा बुडेल इतकं पाणी. मंद आचेवर तासभर. कांदा दोन बोटांत धरला की विरघळला पाहिजे. मग चार टोमॅटो घालून अर्धा तास. निवल्यावर मिक्सरला लाव. निवल्यावरच! गरम ग्रेव्ही झाकण उडवते. हॉटेलात आमच्या भांडी घासणाऱ्याची एक भुवई अजून अर्धीच आहे. वाटून पुन्हा उकळ. वर तेल तरंगलं की झाली.

हिरव्या चटणीला दोन वाट्या कोथिंबीर, एक वाटी पुदिना, मिरची, आलं, लिंबू, मीठ. पाणी बर्फाचं घे, मिक्सर तापला की चटणी काळवंडते. दही शेवटी, हाताने.

इथवर मी डोळे मिटून सांगू शकतो. पुढे तेल तापवायचं, मसाला टाकायचा, ग्रेव्ही ओतायची. ते आपलं अंदाजाने.

इथे पत्र संपवून पाकीट चिकटवणार होतो. तुझ्या आईने वाचलं आणि म्हणाली, "अहो, करी अर्धीच लिहिलीत."

चिंगे, तुझं जेवणाच्या डब्यांचं काम रविवारी सुरू होणार, आणि शुक्रवारी रंगारी पाटीवर "मुख्य आचाऱ्याच्या मुलीचं स्वयंपाकघर" असं रंगवणार. तू हे सांगितल्यापासून मला घास गोड लागत नाही. मी मुख्य आचारी नव्हतो. एकतीस वर्षं मी मागच्या शेगडीवर होतो. कांदा, ग्रेव्ही, चटणी. पुढच्या शेगडीवर उस्ताद, मुख्य आचारी ते. ते न बघता पळी मागे करायचे, मी भरून द्यायचो. त्यांच्या कढईत काय पडतं ते मला त्यांच्या पाठीआडून जेवढं दिसेल तेवढंच.

लग्न ठरवताना मध्यस्थाने तुझ्या आजोबांना सांगितलं, "मुलगा मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी आहे." मी चहाच्या कपात बघत बसलो. पुढे तू शाळेत सांगितलंस, मग सासरी सांगितलंस. दर वेळी मी कपातच बघितलं.

तुला कृती पूर्ण द्यावी म्हणून आज दुपारी करी करायला घेतली. मागच्या शेगडीवर एकच नियम असतो, बुडाला लागू द्यायचं नाही. मी एकसारखा ढवळत राहिलो. करी झाली आजाऱ्याच्या पेजेसारखी फिकी. तुझी आई लंगडत आली, माझ्या हातातली पळी काढून घेतली. "सोडा ती. जरा लागू द्या की!" आच मोठी केली, कडेला लागलेलं खरवडून आत घेतलं. चिंगे, घरभर हॉटेलचा वास आला!

"तुला कसं माहीत?"

"मुख्य आचारी घरी कच्ची ग्रेव्ही आणतो होय? आणि तुमच्या शर्टाच्या बाह्यांवर कधी तेलाचा ठिपका नव्हता. कांद्याचा वास तेवढा."

म्हणजे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. उरलेल्या ग्रेव्हीचा डबा मी तिच्या हातात द्यायचो, "आज हॉटेलची करी आणलीय." अंघोळ करून येईपर्यंत ताटात करी तयार. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तू बोटं चाटून म्हणायचीस, बाबांच्या हातची चव. ती तिच्या हातची होती.

आता तिने सांगितलेलं लिहितो. कडक तेलात आलं-लसूण. आच कमी करून धणे-जिरे पूड, तिखट, कसुरी मेथी, आणि मसाला जळू नये म्हणून लगेच दोन चमचे टोमॅटोची पेस्ट. मग आच मोठी, एक पळी गरम ग्रेव्ही, आणि हात आवर. कडेला लागलं की खरवड, मग दुसरी पळी.

ती म्हणते, पाटी आहे तशीच राहू दे, पोरीचा हिरमोड कशाला. मला नाही पटत. कुणी हॉटेलात चौकशी केली तर तू कुणाला काय सांगशील? रागावलीस तर राग, पण रंगाऱ्याला शुक्रवारच्या आत थांबव. तिथे आईचं नाव लिही.

आणि कांद्याला माणूस लागेलच तुला. मला अजून चष्म्याशिवाय चिरता येतो. बोलावलंस तर येईन, मागे उभा राहीन.

पळी मागे करशील ना?

तुझा,
मागच्या शेगडीवरचा बाबा